ओल्ड एअरपोर्टच्या भिंतीवरचे कालनिर्णय

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहायला आलेले मराठी कुटुंब सामानातून कालनिर्णय हमखास आणते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या या दिनदर्शिकेच्या पानाची मांडणी भारतातल्या वाचकासाठी आहे. इथे ती वाचताना नजरेला थोडी सवय लावावी लागते.

वार डावीकडे वरून खाली, रविवार सर्वांत वर, शनिवार तळाशी. तारखा उभ्या वाचायच्या. ही मांडणी कतारमध्ये उलट सोयीचीच पडते! कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवार-शनिवारची सुट्टी शेवटच्या दोन ओळींत लागून येते. घोटाळा करतो तो लाल रंग. रविवार लाल दिसला की नजर त्याला सुट्टीच समजते. महिन्याचे पान उलटले की खालच्या दोन ओळींवर पिवळा मार्कर फिरवावा. मुले हे काम आनंदाने करतात.

खरी अडचण संकष्टीची. त्या चौकोनात बारीक टाइपात छापलेला चंद्रोदय मुंबईचा असतो. आपले घड्याळ अडीच तास मागे म्हणून तेवढे वजा करू नका, चंद्र उगवलेलाच नसेल. दोहा मुंबईच्या सुमारे एकवीस अंश पश्चिमेला, त्यामुळे इथे चंद्र मुंबईनंतर जवळजवळ दीड तासाने उगवतो. म्हणजे दोह्याच्या घड्याळात छापील वेळेच्या साधारण एक तास आधी, पाव तास इकडेतिकडे. मुंबईला ९.३० तर इथे ८.३० च्या सुमारास. ही वेळ त्याच चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवावी, आणि घरात आजी आल्या असतील तर जरा मोठ्या अक्षरात.