क्रमिक पुस्तक, अध्यापक आणि प्रताधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट या विषयासंबंधी महाविद्यालयीन क्षेत्रात दोन टोकाचे समज आढळतात. शिक्षणासाठी केलेली कोणतीही नक्कल क्षम्य आहे, हा एक समज. पुस्तकाचे एक पान झेरॉक्स केले तरी तो गुन्हा ठरतो, हा दुसरा. दोन्ही समजांना कायद्याचा आधार नाही. भारतातील प्रताधिकाराच्या इतिहासातील काही महत्त्वाचे निर्णय क्रमिक पुस्तक, टिपा आणि अध्यापन यांच्याच संदर्भात झाले आहेत. विद्यार्थ्यांना या कायद्याची मूलतत्त्वे शिकवू इच्छिणाऱ्या अध्यापकाला त्या इतिहासाचा आधार घेता येतो. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

१. विद्येचे उत्तेजन हा मूळ हेतू

इंग्लंडमधील राणी ॲनच्या कारकिर्दीत १७१० साली अमलात आलेल्या कायद्याने ग्रंथकाराचा हक्क प्रथम मान्य केला. विद्येला उत्तेजन देणे हा उद्देश त्याच्या शीर्षकातच नमूद होता. नव्या ग्रंथाला चौदा वर्षांचे संरक्षण आणि ग्रंथकार हयात असल्यास आणखी चौदा वर्षे, अशी मर्यादा त्यात होती. प्रकाशित ग्रंथावरील हक्क कायमस्वरूपी असावा, ही लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांची मागणी १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळली. हक्क लेखकाचा, पण मुदतीपुरता. मुदत संपल्यावर ग्रंथ सर्वांचा, हे तत्त्व तेव्हा स्थिरावले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी १८४७ मध्ये झालेल्या विसाव्या अधिनियमानेही विद्येचे उत्तेजन हाच हेतू सांगितला.

२. कलकत्ता आणि मुंबई येथील दोन वाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यापीठीय परीक्षांमुळे पाठ्यग्रंथांची मोठी बाजारपेठ निर्माण झाली आणि वादही तेथेच उद्भवले. पालग्रेव्हने १८६१ मध्ये संपादित केलेल्या इंग्रजी भावकवितांच्या प्रसिद्ध संग्रहातील कविता घेऊन कलकत्त्यात टिपांसह एक पुस्तक निघाले. त्यावर मॅकमिलन कंपनीने दावा केला. १८९० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने असे ठरविले की, कविता जुन्या असल्या तरी त्यांची निवड ही संपादकाच्या अभिरुचीची व परिश्रमाची निर्मिती असून ती संरक्षणास पात्र आहे.

दुसरा वाद मुंबईचा. प्लुटार्कने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या चरित्राचे टॉमस नॉर्थने केलेले भाषांतर १५७९ मधील. म्हणजे सर्वांना खुले. मॅकमिलनने त्याचा संक्षेप करून टिपांसह शालेय आवृत्ती काढली. पुढे मुंबईतील के. अँड जे. कूपर या प्रकाशन संस्थेने त्याच धर्तीचे पुस्तक प्रसिद्ध केले. हा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि डिसेंबर १९२३ मध्ये त्याचा निर्णय झाला. जुन्या मजकुरातील काही उतारे केवळ गाळून उरलेला भाग जोडल्याने नवी वाङ्मयकृती निर्माण होत नाही, म्हणून त्या संक्षेपाला संरक्षण नाकारण्यात आले. टिपा मात्र संपादकाच्या ज्ञानाच्या व विवेकाच्या असल्याने त्यांचे अनुकरण हक्कभंग ठरले. एकाच पुस्तकाच्या एकाच पानावर सर्वांचा मजकूर आणि एकाचा मजकूर शेजारी शेजारी असू शकतो, हे या निर्णयाने स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात हीच रेषा अधिक काटेकोर केली. न्यायनिर्णयाचा मूळ मजकूर सर्वांना खुला. परंतु ज्यात कौशल्य, विवेक आणि किमान सर्जकता दिसते ते संपादकीय कार्य संरक्षित, असे त्यात ठरले.

३. अपवादांची घडण

१९११ चा ब्रिटिश कायदा १९१४ च्या अधिनियमाद्वारे काही फेरफारांसह भारतास लागू झाला. खाजगी अभ्यास, संशोधन, टीका व परीक्षण यांसाठी केलेल्या उचित वापराला त्यात मुभा होती. स्वतंत्र भारताचा १९५७ चा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५२ मध्ये, शिक्षणक्रमाच्या ओघात अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली पुनर्निर्मिती, तसेच प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेत केलेला वापर हक्कभंगातून वगळण्यात आला. लेखकाच्या मृत्यूनंतरची पन्नास वर्षांची मुदत मात्र १९९२ च्या दुरुस्तीने साठ वर्षे झाली. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्काची मुदत संपत आल्याची पार्श्वभूमी या दुरुस्तीला होती.

‘शिक्षणक्रमाच्या ओघात’ या शब्दांची कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील एका छायाप्रत केंद्रात अभ्यासक्रमातील प्रकरणांचे संच विकले जात. त्याविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केंद्रावर व विद्यापीठावर दावा दाखल केला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने कायद्याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या बाजूने लावला : शिक्षण म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे, आणि पानांची संख्या ही कसोटी नसून शैक्षणिक हेतूसाठी असलेली आवश्यकता ही कसोटी होय. संचातील साहित्य तसे आवश्यक होते काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न पुन्हा चौकशीसाठी पाठविण्यात आला. परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

४. अध्यापनासाठी निष्पन्न होणारी सूत्रे

या इतिहासातून विद्यार्थ्यांपुढे चार भेद ठेवता येतात. पहिला, कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील. कल्पनेवर मालकी नसते, तिच्या विशिष्ट मांडणीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले. दुसरा, मुदत संपलेला मजकूर आणि त्यावरील नवे संपादन यांतील. ज्ञानेश्वरी सर्वांची आहे, पण आधुनिक संपादकाची प्रस्तावना व टिपा त्याच्या आहेत. तिसरा, वापराच्या हेतूतील. वर्गासाठी दिलेले प्रकरण आणि बाजारात विक्रीसाठी छापलेले गाईड यांना एकच अपवाद लागू होत नाही. चौथा, वाङ्मयचौर्य आणि हक्कभंग यांतील. ज्ञानेश्वरीतील ओवी स्वतःच्या नावावर खपविणे हे वाङ्मयचौर्य आहे, हक्कभंग नव्हे. उलट लेखकाचा नामनिर्देश करूनही संरक्षित पुस्तक संपूर्ण छापणे हा हक्कभंगच आहे.

निष्कर्ष

अध्यापक हा इतरांच्या ग्रंथांचा उपभोक्ता असतो, तसाच टिपा, प्रश्नसंच आणि क्रमिक पुस्तके यांचा कर्ताही असतो. त्याच्या टिपांना संरक्षण मिळण्यासाठी नोंदणीची अट नाही. त्या लेखनबद्ध होताच हक्क निर्माण होतो. नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनावर हक्क कोणाचा, हे मात्र सेवेच्या करारावर अवलंबून राहते, आणि तो करार फार थोडे अध्यापक वाचतात. १९२३ च्या निर्णयाने संपादकाच्या टिपांचे रक्षण केले, २०१६ च्या निर्णयाने विद्यार्थ्याच्या वाचनाचे. दोन्ही निर्णय एकाच कायद्याच्या परंपरेतील आहेत आणि दोन्हींमागे विद्येचे उत्तेजन हाच हेतू आहे. म्हणून प्रताधिकाराचे शिक्षण निषेधांच्या यादीने न करता, हा हक्क कोणाला, कशासाठी आणि किती काळ दिला आहे, या प्रश्नांपासून करणे इष्ट ठरते.