रुग्णकेंद्री संवादातील आत्मविश्वासाचे मापन : कर्करोग परिचारिका

कर्करोगाच्या रुग्णाशी त्याची भीती, इच्छा आणि प्रश्न केंद्रस्थानी ठेवून बोलणे आपल्याला कितपत जमेल, याचा परिचारिकेने स्वतः केलेला अंदाज प्रश्नावलीच्या साहाय्याने गुणांत मांडण्याची पद्धत. या पद्धतीचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे. एखादे काम आपल्याला जमेल असे ज्याला वाटते तो ते हाती घेतो, अडथळा आला तरी चिकाटीने करतो. जमणार नाही असे वाटणारा ते टाळतो, हा त्या सिद्धांताचा गाभा. हा विश्वास माणसाच्या स्वभावाचा एकसंध गुण नसतो, तो कामागणिक बदलतो. शीर सापडणार याची पक्की खात्री असलेली परिचारिका ‘किती दिवस उरलेत?’ या प्रश्नासमोर गडबडून जाऊ शकते. म्हणूनच अशा मोजपट्ट्या कशा रचाव्यात याविषयी २००६ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेत बँड्युरा यांनी विधाने नेमक्या कामाविषयी असावीत आणि प्रश्न ‘करीन का’ असा नसून ‘करू शकेन का’ असा असावा, असा आग्रह धरला. उत्तरासाठी त्यांनी ० ते १०० ही श्रेणी सुचवली.

काय मोजायचे, याला आकार आला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोनाल्ड एप्स्टीन आणि रिचर्ड स्ट्रीट यांच्या ग्रंथामुळे. कर्करोगातील संवादाची सहा कार्ये त्यांनी सांगितली : विश्वासाचे नाते जोडणे, माहितीची देवघेव, भावनांना प्रतिसाद, अनिश्चितता पेलायला मदत, निर्णय घेणे आणि रुग्णाला स्वतःची काळजी घेण्यास सक्षम करणे. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधील रॉबर्ट झाकारिए व सहकाऱ्यांनी २७ विधानांची प्रश्नावली तयार केली. रुग्णाची बाजू जाणून घेणे, माहिती व अधिकार वाटून घेणे आणि संवादातील अवघड प्रसंग हाताळणे असे तिचे तीन विभाग आहेत. ती वैद्यकीय विद्यार्थी आणि रुग्णालयातील डॉक्टर यांच्यासाठी घडवलेली होती. परिचारिकांना ती जशीच्या तशी देणे सोयीचे असले तरी रास्त नाही. डॉक्टर निदान सांगून पुढच्या रुग्णाकडे जातात. केमो चालू असताना तासन्‌तास जवळ असते ती परिचारिका, आणि डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न तिच्याच वाट्याला येतात.

आत्मविश्वास मोजायचाच कशाला, ज्ञान किंवा कौशल्य मोजले तर पुरे नाही का, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर वॉर्डातल्या बोलण्यात सापडते. ‘सिस्टर, मी यातून बरी होईन ना?’ असे रुग्णाने विचारले आणि ‘काकू, असले विचार मनात आणायचे नाहीत. सलाइनच्या जागी दुखत नाही ना? दाखवा बघू,’ असे उत्तर आले, तर त्यात प्रेम आहे, कामाची दक्षताही आहे. पण उघडू पाहणारे दार बंद झाले आहे. ‘आज हे विचारावंसं वाटलं, काय चाललंय मनात?’ एवढे म्हटले असते तरी ते उघडे राहिले असते. इंग्लंडमधील सूझी विल्किन्सन यांनी १९९१ मध्ये परिचारिकांची रुग्णांशी झालेली संभाषणे ध्वनिमुद्रित करून अशा दार बंद करणाऱ्या बोलण्याचा अभ्यास केला आणि ते किती सर्रास होते हे दाखवले. मँचेस्टरच्या पार्ल, मग्वायर आणि हेवन यांनी १९९७ मध्ये याचे कारण मांडले : केवळ कौशल्य शिकवून भागत नाही. आपल्याला हे जमेल असे वाटावे लागते आणि विचारल्याने रुग्णाचे नुकसान होणार नाही, हेही पटावे लागते. खुला प्रश्न कसा विचारायचा हे परिचारिकेला ठाऊक असते. रुग्ण रडू लागला तर पुढे काय, या धास्तीने ती तो विचारत नाही. ज्ञानाच्या चाचणीत ही धास्ती दिसत नाही, आत्मविश्वासाच्या प्रश्नावलीत दिसते.

मात्र इथूनच घसरण सुरू होते. प्रशिक्षणाआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्यायची, सरासरी वाढली की प्रशिक्षण यशस्वी झाले म्हणायचे, अशी रीत पडली आहे. गुण वाढतात यात शंका नाही. डेन्मार्कमध्ये अमेन्टॉर्प व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डॉक्टर आणि परिचारिका यांचा आत्मविश्वास प्रशिक्षणाने वाढला आणि सहा महिन्यांनंतरही टिकला. पण वाढलेला आत्मविश्वास म्हणजे सुधारलेला संवाद नव्हे. डेव्हिस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये डॉक्टरांच्या स्वमूल्यमापनाची प्रत्यक्ष निरीक्षणाशी तुलना करणारे अभ्यास तपासले, तेव्हा २० पैकी १३ तुलनांत दोहोंचा मेळ अगदी थोडा होता, मुळीच नव्हता किंवा उलटा होता. कर्करोगक्षेत्रातील संवाद-प्रशिक्षणाच्या १७ चाचण्यांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१८ मध्ये आला. प्रशिक्षितांच्या बोलण्यात सहानुभूती वाढल्याचे त्यात दिसले. रुग्णांचे समाधान किंवा मानसिक त्रास यांत फरक पडल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. प्रश्नावलीचा क्रॉनबाक अल्फा उंच आहे, म्हणून ती विश्वसनीय आहे, हा युक्तिवादही इथे उपयोगाचा नाही. विधानांना मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळतात एवढेच अल्फा सांगतो. ती वास्तवाशी जुळतात की नाही, हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

उलट, घसरलेला गुण कधी कधी प्रगतीची खूण असतो. प्रशिक्षणापूर्वी ‘भावनांना प्रतिसाद देता येतो’ या विधानाला ९० गुण देणारी परिचारिका स्वतःचे संभाषण ऐकल्यावर ७० वर येते, कारण प्रतिसाद कशाला म्हणतात हे तिला आता कळलेले असते. तिची मोजपट्टीच बदलली. यावर उपाय आहे : प्रशिक्षणानंतर ‘आज मागे वळून पाहता, तेव्हा किती जमत होते?’ असेही विचारायचे. स्मरणाचा दोष त्यातही शिरतो, म्हणून हा आकडा पहिल्या आकड्याच्या जागी न ठेवता शेजारी ठेवावा.

मोजपट्टी जिथे वापरायची त्या ठिकाणाचा प्रश्न याहून कमी महत्त्वाचा नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ईडन प्रेरी हे मिनीआपोलिसच्या नैऋत्येचे उपनगर. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात. इथे सोमाली कुटुंबांची मोठी वस्ती आहे, भारतीय कुटुंबेही आहेत. अशा गावातल्या परिचारिकेसमोर मुलाकडे राहायला आलेली मराठी आजी बसली, तर अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याखालील नियमांप्रमाणे पात्र दुभाषा मिळणे हा आजींचा हक्क ठरतो; आणीबाणी वगळता लहान नातवाकडून दुभाष्याचे काम करून घेता येत नाही. बहुतेक प्रश्नावल्यांतील विधाने मात्र समोरासमोर बसलेल्या दोनच माणसांचे चित्र गृहीत धरतात. फोनवरच्या तिसऱ्या आवाजातून आजींचा कातर सूर ओळखता येईल का, हे विचारल्याशिवाय त्या परिचारिकेचा गुण अपुराच राहील.

आपल्याकडे, मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येत आहेत. तिथे भाषेचा प्रश्न तर आहेच, शिवाय ‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ अशी मुलांची विनवणीही असते. अशा लपवाछपवीवर निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेतील संतोष चतुर्वेदी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लिहिले आहे. कुटुंबालाच निर्णय घ्यायचा असेल तर पाश्चात्त्य कल्पनेचे रुग्णकेंद्री माप आपल्याकडे हवेच कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. किती जाणून घ्यायचे आहे हे रुग्णालाच हळुवारपणे विचारणे आणि मुलांची भीतीही ऐकून घेणे, हेच इथले रुग्णकेंद्री कौशल्य आहे. माप टाकून देण्याची गरज नाही, त्यात या प्रसंगाची विधाने हवीत. आणि ती परिचारिकांना विचारून लिहायला हवीत.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासायला वेळ, माणसे आणि रुग्णाची संमती लागते. प्रश्नावली दहा मिनिटांत भरून होते. खरे आहे. पण सगळ्यांचे सगळे बोलणे तपासण्याची गरज नसते. काही परिचारिकांचे एखादे संभाषण, तेही अभिनेत्याने साकारलेल्या रुग्णाबरोबरचे, आणि काही रुग्णांना विचारलेले ‘सांगायचे ते सांगता आले का?’ एवढे जोडले तरी आकड्याला आधार मिळतो. तोवर हा गुण कोणाला कुठे मदत हवी हे ओळखण्यासाठी वापरावा. परिचारिकेची बढती, वार्षिक शेरा किंवा रुग्णालयाची जाहिरात यांसाठी तो वापरू नये. गुणावर पगार ठरू लागला की कमी गुण देण्याचा प्रामाणिकपणा कोणालाच परवडणार नाही, आणि मग मदत कोणाला हवी हेही कळणार नाही.