दिनविशेष : १४ ऑक्टोबर
गाणारे व्हायोलिन : पं. डी. के. दातार

ज्येष्ठ व्हायोलिनवादक पं. दामोदर केशव दातार यांचा आज जन्मदिन. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड येथे १९३२ मध्ये त्यांचा जन्म झाला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे जन्मगावही हेच. वडील केशवबुवा हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, त्यामुळे सूर घरातच होता. विघ्नेश्वरशास्त्रींकडे दातारांनी व्हायोलिनचे शिक्षण घेतले. पं. द. वि. पलुस्करांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. द. वि. पलुस्करांना दातारांनी साथही केली.

मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचे टोक उजव्या घोट्यावर टेकवायचे. वाद्य असे स्थिरावले की डावा हात मोकळा होतो आणि बोटे तारेवरून अखंड घसरत मींड काढतात. परदेशातून आलेले हे वाद्य दातारांच्या हाती ख्याल गाऊ लागे. गजाचा एकेक लांब ओढा म्हणजे गवयाचा दमसासच! वेगाच्या चमत्कृतीपेक्षा त्यांनी सुराची आस जपली, हेच त्यांचे मोठेपण.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९५) आणि पद्मश्री (२००४) यांनी त्यांचा गौरव झाला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. या सुरेल साधकाला विनम्र अभिवादन!