तळघरातलं डिझेल

आमचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. गेल्या उन्हाळ्यात दादा, वहिनी आणि मी असे तिघे त्याच्याकडे गेलो, तेव्हा नायगारा वगैरे राहिलं बाजूला, त्याने आम्हांला आधी नेलं ते घराच्या तळघरात. "बाबा, तुम्हांला इंजिन दाखवतो," म्हणाला. आता दादाचा उभा जन्म पुण्याच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून गेलेला. त्याला इंजिन दाखवायला अमेरिकेत आणायचं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ दाखवण्यापैकीच.

टेबलावर रूळ मांडलेले आणि त्यांवर वीतभर लांबीचं एक डिझेल उभं. अल्को कंपनीचं सेंच्युरी ६२८. मूळ इंजिनाचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. पुतण्याने किंमत सांगितली. वहिनींनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि पायरीवर बसल्या.

खेळण्यातल्या गाड्यांचा इतिहास म्हणजे मोठ्या माणसांनी मुलांच्या नावावर केलेल्या चैनीचा इतिहास. जोशुआ लायनेल काउएन नावाच्या गृहस्थाने १९०१ साली न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाच्या काचेत विजेवर फिरणारी गाडी ठेवली. हेतू असा, की लोकांनी थांबावं आणि आतला माल घ्यावा. लोक थांबले आणि गाडीच मागू लागले! पण गाडी नुसती पळून भागेना, ती ओरडलीही पाहिजे. १९३५ मध्ये लायनेलने टेंडरमध्ये चिमुकला पंखा बसवून खरोखरीची हवा फुंकणारी शिट्टी काढली. पुढे डिझेलं आली. १९४८ सालचं सांता फे रेल्वेचं लाल-चंदेरी डिझेल लायनेलचं अतोनात खपलं. त्याचा भोंगा इंजिनाच्या पोटातल्या टॉर्चच्या सेलवर वाजे. नाताळ सरला, की गाडी खोक्यात जाई आणि सेल पोटातच राही. तो पाझरून आतला पत्रा खाऊन टाकी. अजूनही जुनी इंजिनं जमवणारे लोक ते हातात घेतलं की रंग नंतर पाहतात, आधी पोट उघडतात. आपण आंबा घेताना देठ हुंगतो, तसंच.

पण भोंगा म्हणजे काही डिझेल नव्हे. डिझेलचा खरा आवाज म्हणजे त्याची धडधड, आणि ती यायला इलेक्ट्रॉनिक चिपची वाट पाहावी लागली. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने डिजिटल पद्धतीचा एक नियम ठरवला. त्याआधी रुळातली वीज कमी-जास्त करून गाडी हाकत. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं असली की दोन्ही एकदम पळत. नव्या पद्धतीत रुळात वीज कायम पुरी असते आणि तिच्यातूनच हुकूम सुटतात. पोस्टमनने चाळीच्या चौकातून हाक मारली, की ऐकतात सगळे, पण बाहेर येतो तो ज्याची मनिऑर्डर असेल तोच. तसा प्रत्येक इंजिनाला नंबर, पोटात तो ओळखणारी चिप आणि चिपमध्ये खऱ्या इंजिनाशी मायक्रोफोन धरून टिपलेले आवाज.

पुतण्याने बटण दाबलं. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडू लागलं. दादाचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. (शेडने त्याला पेन्शन आणि बहिरेपण अशी दोन्ही दिली आहेत.)

"बंद कर."

आम्हांला वाटलं, त्रास झाला.

"आता परत चालू कर."

दादा खुर्ची ओढून टेबलाला कान लावून बसला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हे सेंच्युरी आणि आपल्या मिरजेच्या गाडीला लागणारं डब्ल्यूडीएम-२ ही एकाच आईची लेकरं! दोघांच्या पोटात अल्कोचं तेच सोळा सिलिंडरांचं २५१ इंजिन. पहिली काही डब्ल्यूडीएम-२ १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. न्यू जर्सीहून मोटारीने तीनेक तासांवर असलेल्या स्केनेक्टडीत अल्कोने १९६९ मध्ये दुकान बंद केलं, पण वाराणसीत तीसहून अधिक वर्षं हीच इंजिनं बनत राहिली. अडीच हजारांवर बनली. माहेर उठलं, सासर भरलं. आता मिरजेच्या रुळांवरही विजेच्या तारा आल्या, आणि दादाने इतक्या वर्षांत हा आवाज ऐकला तो इथे, मुलाच्या तळघरात.

"एक सिलिंडर मिस करतोय," दादा म्हणाला.

"बाबा, हा रेकॉर्ड केलेला आवाज आहे!"

"मग मिस करणाऱ्या इंजिनाचाच रेकॉर्ड केलाय."

पुतण्याने गती वाढवली. आधी आवाज चढला, गाडी जागची हलली ती नंतर. खऱ्या इंजिनाचं हेच आहे म्हणे. दादाची मान डोलली. वहिनी एवढा वेळ गप्प होत्या. तीस वर्षं त्या नवऱ्याचे शेडमधले कपडे सोड्यात भिजवत आल्या होत्या. टेबलाजवळ येऊन त्यांनी वास घेऊन पाहिला.

"वास कुठाय?"

"तो नाही येत, आई."

"बरं आहे मग," त्या म्हणाल्या आणि पानं घ्यायला वर गेल्या.

जेवायला हाक आली, तशी पुतण्याने बटणाकडे हात नेला. दादाने तो धरला.

"राहू दे. एकदा बंद केलं, की लवकर चालू होत नाही."

पुतण्या काहीतरी बोलणार होता. मी त्याला डोळ्यांनी दाबलं. जेवण होईपर्यंत खाली धडधड चालू होती. दादाने वाटी सरकवून दुसऱ्यांदा आमटी मागितली.