कॅप्टन किडचे व्हाउचर

समुद्रावरचा चाचा म्हटला की डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपट. कॅप्टन विल्यम किड त्यातला नव्हे. न्यूयॉर्कात त्याचं घर होतं, पैसेवाली बायको होती, आणि १६९६ साली तिथलं ट्रिनिटी चर्च बांधताना दगड चढवायला त्यानं आपली कप्पी आणि दोरखंड दिले होते. कर्ज द्यायला आम्ही बँकवाले शोधतो तो असाच इसम.

१६९५ साली लंडनमध्ये त्याच्याशी करार झाला. किडनं चाचे पकडायचे. शिवाय फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे फ्रेंच जहाजं लुटायची. भांडवल बड्या लॉर्ड मंडळींचं, राजाचा वाटा दहा टक्के. खलाशांना पगार नाही. लूट मिळाली तर वाटणी, नाही तर हरी हरी! आणि काहीच मिळालं नाही तर किडनं व त्याच्या भागीदारानं लॉर्डांचे पैसे २५ मार्च १६९७ च्या आत परत करायचे. मार्चअखेर माणसाला समुद्रातही सोडत नाही.

'अ‍ॅडव्हेंचर गॅली'वर तोफा ३४, पण मारायच्या कोणावर? शिकार मिळेना, तशी माणसं बिथरली. ऑक्टोबर १६९७ मध्ये विल्यम मूर या गोलंदाजाशी बाचाबाची झाली आणि किडनं लोखंडी पट्ट्यांची बादली त्याच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला. यात हसण्यासारखं काही नाही.

जानेवारी १६९८ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'क्वेडा मर्चंट' सापडलं. बंगालहून सुरतेला निघालेलं. आत रेशीम, मलमल, साखर. कप्तान इंग्रज, माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, काही औरंगजेबाच्या दरबारातल्या सरदाराचा. आणि परवाना फ्रेंच! किडनं तो जपून ठेवला. आधी धरलेल्या एका जहाजाचाही ठेवला होता. लुटीचं व्हाउचर सांभाळणारा कप्तान मी दुसरा ऐकलेला नाही.

इकडे मोगल दरबार खवळला, सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीची कोंडी झाली, तिकडे पार्लमेंटात लॉर्डांचे विरोधक उठले. अशा वेळी हेड ऑफिस कोणाचं नाव पुढे करतं? १६९९ मध्ये बोस्टनला किडला अटक झाली. अटक करणारा गव्हर्नर लॉर्ड बेलोमाँट, म्हणजे खुद्द भांडवलदारांपैकीच एक. गार्डिनर्स बेटावर किडनं पुरलेलं सोनं-चांदी उकरून त्याची रीतसर यादीही झाली. लोक मात्र किडचा खजिना नंतर शेकडो वर्षं खणत बसले!

दोन्ही परवाने किडनं बेलोमाँटला दिले, त्यानं लंडनला पाठवले. मे १७०१ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा ते सापडेनात. किड परोपरीनं मागत राहिला. मूरच्या खुनापायी फास कदाचित तरीही बसला असता. पण त्याच्या नावापुढे 'चाचा' लागलं ते निव्वळ त्या दोन कागदांवाचून.

२३ मे रोजी वॉपिंगला फाशी झाली. पहिल्यांदा दोर तुटला. दुसऱ्यांदा चढवायला मात्र कोणाला काही शोधावं लागलं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते परवाने सापडले. लंडनच्या सरकारी दप्तरखान्यातच होते. किडची बायको वारली त्याला तोवर दीडशेच्या वर वर्षं झाली होती.