गोव्यातला मठ आणि आपली शिरवळची लेणी



मठ-विहारांतली माणसं निघून गेल्यावर त्या वास्तूंचं काय होतं, यावर आज जरा मोठं लिहितोय. कारण आपल्या गावाजवळही अशी एक वास्तू आहे.

सुट्टी लागली की आपण हायवे धरून गोव्याला जातो. जुन्या गोव्यात मोठं चर्च पाहतो, फोटो काढतो आणि बीच गाठतो. तिथून थोडं वर टेकडीवर चढा. रस्त्याच्या एका बाजूला जांभ्या दगडाचा पडका मनोरा दिसेल, समोर तीन मजली, जाड भिंतींची इमारत. दोन्ही मठ एकाच ऑगस्टिनियन पंथाचे. मनोऱ्याकडचा साधूंचा, समोरचा सांता मोनिका साध्वींचा. साध्वींच्या मठाचं काम 1606 ला सुरू झालं आणि 1627 ला संपलं. 1636 ला आग लागली, तेव्हा पुन्हा बांधला.

पुढे पोर्तुगाल सरकारनेच पंथांवर बंदी आणली. 1835 मध्ये साधूंना बाहेर काढलं. चर्च रिकामं पडलं, 1842 ला त्याचं छत कोसळलं, 1931 ला दर्शनी भिंत अर्ध्या मनोऱ्यासकट खाली आली. साध्वींना मात्र मरेपर्यंत राहू दिलं, फक्त नवीन कुणाला घ्यायचं नाही! शेवटची साध्वी 1885 ला वारली. नंतर तिथे लष्कराची छावणी होती. गोवा मुक्त झाल्यावर, 1964 पासून साध्वींची शिक्षणसंस्था आली. 2002 मध्ये राशोलहून ख्रिस्ती कलेचं संग्रहालय मठाच्या चर्चमध्ये हलवलं. हस्तिदंत, लाकूड, चांदीचं काम तिथे आहे, आणि त्यातलं बरंचसं इथल्याच कारागिरांच्या हातचं. विषय ख्रिस्ती, पण छिन्नी आपली. पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं चांदीचं पूजापात्र तर बघाच. दुरुस्तीनंतर 2022 ला संग्रहालय पुन्हा उघडलं.

माझ्या मते फरक दगडाचा नाही. एकीकडे कुणी ना कुणी राहत होतं, गळकं कौल बदलत होतं. छावणीचे शिपाई काही कलाप्रेमी नसणार, पण इमारतीत माणूस होता.

आता आपल्याकडे या. शिरवळची लेणी त्या मठाच्याही कितीतरी शतकं आधीची. एकूण 15, त्यातलं एक चैत्यगृह, आत स्तूप, बाकीचे भिक्खूंचे विहार. कोरीव काम जवळजवळ नाहीच, अगदी साधी. म्हणून अजिंठा-कार्ल्यासारखी गर्दी तिथे होत नाही, आणि गावोगावी सांगतात तसं 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' म्हणून विषय संपतो.

लेण्यांत संग्रहालय थाटा असं मी म्हणत नाही, तिथल्या दगडाला हात लावायचाच नाही. पण गावात एखादी खोली मिळू शकते. त्यात लेण्यांचे नकाशे, फोटो, सुभानमंगळ किल्ल्याची माहिती आणि आपल्या पोरांची चित्रं लावता येतील. शाळांनी वर्षातून एकदा तरी सहल लेण्यांवर न्यावी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे. कोण कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा. आणि कुणाकडे लेण्यांचे जुने फोटो असतील तर तेही टाका.