ग्रेपचा शोध आणि मराठी मजकूर

युनिक्समध्ये मजकुरातला शब्द शोधण्यासाठी ‘ग्रेप’ ही आज्ञा वापरतात. १९७३ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ती ‘एड’ या संपादकातून वेगळी काढली. सगळ्या ओळींना नमुना लावून जुळतील त्या छापण्याची सोय एडमध्ये होतीच. मोठ्या फाइली मात्र त्याला झेपत नसत. ग्रेप ओळ वाचते, तपासते आणि पुढे जाते, त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी चालते. निकालही ओळींचाच असल्याने तो पाइपमधून थेट दुसऱ्या आज्ञेकडे देता येतो. ‘सहकारी साखर’ एका ओळीत आणि ‘कारखाना’ पुढच्या ओळीत गेला, तर मात्र ते पूर्ण नाव तिला सापडत नाही.

नमुना जुळवण्यामागचे गणित स्टीफन क्लीनी यांचे. थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जुळणीच्या सर्व शक्यता एकाच वेळी पुढे नेल्या जातात, मागे फिरावे लागत नाही. साध्या शब्दासाठी १९७७ ची बॉयर-मूर रीत आणखी चलाख: ती शब्दाचे शेवटचे अक्षर आधी पाहते, आणि मजकुरातले त्या जागचे अक्षर शब्दात कुठेच नसेल तर शब्दाच्या लांबीएवढी उडी मारते. म्हणून लांब शब्द बहुधा लवकर सापडतो.

या सगळ्यात अर्थाला कुठेच जागा नाही, आणि मराठीत ते चटकन जाणवते. करआकारणीच्या कागदपत्रांत ‘कर’ शोधून पाहा. लवकर, नोकर, करार तर येतातच, ‘करून’सुद्धा येतो, कारण आपल्या डोळ्याला ‘रू’ हे एक अक्षर दिसले तरी युनिकोडात आधी ‘र’ आणि मग उकाराचे चिन्ह असते. पूर्ण शब्दच जुळवणारा ‘डॅश डब्ल्यू’ पर्याय लावला की ही गर्दी हटते, पण ‘कराचा’ आणि ‘करांवर’ही जातात. विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटवून लिहिणाऱ्या भाषेत हा पर्याय मला तरी निम्म्याच कामाचा वाटतो. ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होते तिथे तर मूळ शब्दच बदलतो. तेव्हा ‘पाण’ एवढाच नमुना देऊन नको असलेल्या ओळी डोळ्यांनी गाळणे बरे.

सर्वांत फसवा ‘दुसऱ्या’. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट निराळे असल्याने एक रूप शोधल्यास दुसरे सापडत नाही. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही ही दोन रूपे एक करत नाही. अशा वेळी ‘डॅश ई’ पर्याय दोनदा देऊन दोन्ही रूपे शोधावीत. संग्रह मोठा असेल, तर आधी ‘सेड’ ही मजकूर बदलणारी आज्ञा चालवून सगळीकडे एकच रूप करून घ्यावे.